ज्याचा ट्रक, त्याचा पाना

शोफर हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा खरा अर्थ गाडी हाकणारा असा नाहीच. आग पेटती ठेवणारा, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस, हा त्याचा अर्थ. १९०० च्या आसपास अमेरिकेतल्या धनिकांनी मोटारी घ्यायला सुरुवात केली तेव्हा गाडीबरोबर असा एक माणूस पदरी ठेवावा लागे. तो गाडी चालवी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दुरुस्त करी. मालकाला आपल्या गाडीतलं ओ की ठो कळत नसे आणि शोफरला हे पक्कं ठाऊक असे. मग सुट्या भागांच्या बिलात कमिशन खा, मालक झोपला की त्याचीच गाडी घेऊन भटकून ये, असे उद्योग चालत. त्या काळच्या मोटारींच्या मासिकांत 'या शोफर मंडळींचं करायचं काय' हा चांगला रंगलेला विषय होता. (आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ड्रायव्हरांबद्दल जे बोललं जातं त्यात आणि यात फारसा फरक नाही!)

मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण मोटारीची दुरुस्ती हा पहिल्यापासूनच नुसता नट-बोल्टांचा प्रश्न नव्हता. कोण कुणावर अवलंबून राहणार, हा प्रश्न होता. वस्तू माझी, पण ती उघडायची अक्कल दुसऱ्याकडे. मग मालक नक्की कोण?

या प्रश्नाचं उत्तर शहरातल्या श्रीमंतांनी नाही, खेड्यातल्या शेतकऱ्यांनी दिलं. गंमत म्हणजे सुरुवातीला शेतकऱ्यांना मोटारींचा मनस्वी राग होता. घोडे बुजत, कोंबड्या चिरडत, रस्त्याची धूळ पिकावर बसे. पण १९०८ च्या ऑक्टोबरात फोर्डचं मॉडेल टी आलं आणि हळूहळू चित्र पालटलं. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के शेतांवर मोटार असल्याची नोंद झाली. १९२७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बाहेर पडल्या होत्या.

शेतकऱ्याला ही गाडी परकी वाटली नाही. कापणीची यंत्रं, मळणीयंत्रं, पाणी उपसायची पेट्रोल इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली होती. कोठारात ऐरण होती, पाने होते. आणि गाडीही तशीच बेतलेली. पाण्याचा पंप नाही. गरम पाणी वर चढतं आणि गार खाली येतं, एवढ्यावर इंजिन थंड राही. पेट्रोलचा पंप नाही; टाकी सीटखाली आणि पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरे. त्यामुळे टाकीत थोडंच पेट्रोल असलं की मोठा चढ उलटा, रिव्हर्समध्ये चढावा लागे, म्हणजे टाकी इंजिनाच्या वर येई. इंजिनातलं ऑइल बघायला पट्टी नाही, खालच्या बाजूला दोन तोट्या. वरच्या तोटीतून ऑइल आलं तर भरपूर आहे, खालच्यातूनही आलं नाही तर थांबा. मालकाला मिळणारी पुस्तिका प्रश्नोत्तरांची होती. अमुक का होतं, तमुक कसं करायचं, अशी. लहान मुलाला समजावं इतकी सरळ.

पण म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. या गाडीला सारखं काहीतरी लागे. गिअरचे पट्टे झिजत, ते आवळावे लागत. झाकण उघडून ते काम करताना एखादा नट आत पडला की संपलंच, म्हणून जाणते लोक आधी आत चिंध्या कोंबत. व्हॉल्व घासावे लागत, काजळी खरवडावी लागे. हँडल उलट फिरलं तर मनगट मोडे. स्वतः दुरुस्ती करणं हा छंद नव्हता, ती गाडी बाळगायची अट होती.

शेतकरी मात्र दुरुस्तीवर थांबले नाहीत. मागचं चाक जॅकवर उचलायचं, त्यावर पट्टा चढवायचा आणि त्यावर करवत, मक्याचे दाणे सोडवायचं यंत्र, घुसळण, वाटेल ते चालवायचं. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये यावर एक सुरेख निबंध लिहिला आहे. यंत्र कशासाठी आहे हे कारखानदार एकटा ठरवत नाही, वापरणारे ते पुन्हा ठरवतात, हा त्यांचा मुद्दा. आणि शेतकऱ्यांनी आणखी एक केलं. गाडीची मागची बाजू काढून तिथे लाकडी खोका बसवला. दुधाचे कॅन, बटाट्याची पोती, डुकराची पिल्लं, सगळं त्यातून बाजारात जाऊ लागलं. पिकअप जन्माला आला तो असा, कोठारात, करवत आणि खिळ्यांनी. फोर्डने एक टन मालाची सांगाडा-गाडी १९१७ मध्येच विकायला काढली होती, पण मागे तयार हौदा असलेला छोटा पिकअप कारखान्यातून आला १९२५ च्या एप्रिलमध्ये. किंमत २८१ डॉलर. मागे उघडणारा फाळका, जरा जाड पाटे. गिऱ्हाईक जे घरी करत होतं तेच कंपनीने पत्र्यात करून दिलं.

स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) ज्यांनी वाचली असेल त्यांना जोड कुटुंबाचा ट्रक आठवेल. तो मुळात ट्रक नाहीच, कापून ट्रक केलेली हडसन मोटार आहे. आणि वाटेत सोबतच्या गाडीचं बेअरिंग जातं तेव्हा टॉम आणि अल ही भावंडं भंगारवाल्याकडून जुना कनेक्टिंग रॉड आणून रस्त्याकडेलाच तो बसवतात. कादंबरीत इतकी पानं एका कनेक्टिंग रॉडला का द्यावीत, असं पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं. आता वाटत नाही. ओक्लाहोमातली जमीन गेलेली, खिशात मोजके डॉलर. ते इंजिन बंद पडलं असतं तर कॅलिफोर्निया नाही, काम नाही, जेवण नाही.

काळ्या अमेरिकनांसाठी तर याला आणखी एक धार होती. दक्षिणेतल्या परक्या गावात गाडी बंद पडली तर गोरा गॅरेजवाला हात लावेलच याची खात्री नाही आणि अंधार पडल्यावर तिथे थांबणं जिवावर बेतू शकत होतं. व्हिक्टर ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपालवाहकाने १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' काढलं. कुठल्या गावात काळ्या प्रवाशाला खोली मिळेल, जेवण मिळेल, याची ती यादी. त्यात गॅरेजं आणि पेट्रोल पंपही असत. डिकीत पाने, ट्यूब आणि पट्टे ठेवणं ही तिथे हौस नव्हती. इतिहासाच्या पुस्तकांत 'अमेरिकन माणूस जात्याच खटपट्या' वगैरे वाचलं की मला हे आठवतं.

मग युद्ध. १९४२ च्या फेब्रुवारीत सामान्य ग्राहकांसाठीच्या मोटारींचं उत्पादन थांबलं. टायरांवर रेशन तर जानेवारीतच आलं होतं. जे दारात उभं आहे तेच युद्ध संपेपर्यंत चालवायचं. सगळा देश सक्तीने फिटर झाला म्हणा ना. युद्धानंतर १९४८ मध्ये फोर्डने एफ मालिका आणली आणि तिचाच एक वंशज माझ्या दारात उभा आहे.

आता जरा त्याच्याबद्दल. माझा पिकअप १९८१ चा फोर्ड एफ-१५०. ओहायोतल्या एका निवृत्त शेतकऱ्याकडून घेतला. आमच्या घरात कधी कुणी पाना हातात धरलेला नव्हता. आपल्याकडे पांढरपेशा घरात स्कूटरचा प्लग साफ करणं हीच कर्तबगारीची परमावधी, बाकी सगळं 'मिस्त्रीला दाखवू'. मजुरी स्वस्त हे कारण आहेच. पण हाताला काळं लागणं हे आपलं काम नव्हे, ही समजूतही त्यात आहे, आणि ती कुठून आली हे काही मी सांगायला नको. इथे गॅरेजवाला तासाला जे पैसे घेतो ते ऐकून माझी ती समजूत लवकर उतरली.

या ट्रकात ३०० घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन आहे. १९६५ ते १९९६ अशी तब्बल तीन दशकं ते बनत होतं. बिडाचं धूड, सहा सिलिंडर एका रांगेत, सात मेन बेअरिंग, टायमिंगला चेनऐवजी थेट गिअर. बॉनेटखाली इतकी ऐसपैस जागा की चाकाच्या कमानीवर बसून आत पाय सोडून काम करता येतं. सहा प्लग एका ओळीत समोर. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ हा मला आता पाढ्यासारखा पाठ आहे. एक तोंडाचा कार्ब्युरेटर. तो सोडवायचा, टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडायचा, धुवायचा, नवी गॅस्केटं घालून जोडायचा. रविवारची एक दुपार. (बायकोचं म्हणणं: टेबल तेवढं स्वयंपाकघरातलं नको.)

पण याच इंजिनावर पातळ रबरी नळ्यांचं एक जाळंही आहे आणि बॉनेटच्या आत त्या नळ्यांचा नकाशा चिकटवलेला आहे. ती १९७० च्या हवा-शुद्धी कायद्याची खूण. एफ-१५० चा जन्मही या कायद्यातूनच झाला. १९७५ पासून हलक्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं, पण गाडी आणि माल मिळून कमाल वजन ६,००० पौंडांच्या वर असलं की सूट. फोर्डने जुन्या एफ-१०० शेजारी त्या रेषेच्या जेमतेम पलीकडचं एक मॉडेल आणून उभं केलं. तोच एफ-१५०. पुढे सरकारने रेषाच वर सरकवली. म्हणजे अमेरिकेच्या सर्वांत लाडक्या ट्रकच्या नावात एक पळवाट दडलेली आहे.

जुन्या गाड्यांचे भक्त धुराच्या कायद्यांना शिव्या घालतात. मला ते पटत नाही. शिशाने लहान मुलांच्या मेंदूंचं काय केलं हे आता सगळ्यांना माहीत आहे. शिवाय माझ्या ट्रकचा मीटर पाच आकडी. एक लाख मैलांनंतर तो शून्यावर जातो, कारण बनवणाऱ्यांनाच त्यापुढची फारशी अपेक्षा नव्हती. आजचा ट्रक दोन लाख मैल कुरकुर न करता जातो. १९९६ पासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीला आणि हलक्या ट्रकला निदानाचं एकसारखं सॉकेट सक्तीचं झालं, तेही वाईट नव्हतं. स्वस्तातलं एक यंत्र लावा, बिघाडाचा क्रमांक वाचा. मालकाला ते एक वरदानच होतं.

बिघडलं ते नंतर. सॉकेटमागची बाकीची माहिती, कुठला भाग कुठल्या गाडीला 'ओळख' देऊन जोडायचा त्याची गुपितं, कंपनी आणि तिचे अधिकृत विक्रेते यांच्यातच राहू लागली. नट सुटतो, भाग बसतो, पण गाडी त्या भागाला ओळखत नाही! मॅसेच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये थेट मतदानाने दुरुस्तीचा हक्क मागितला आणि प्रचंड बहुमताने मिळवला. २०१४ मध्ये कंपन्यांनी तसाच करार देशभरासाठी केला. मग गाड्या बिनतारी झाल्या, माहिती सॉकेटऐवजी हवेतून थेट कंपनीकडे जाऊ लागली. २०२० मध्ये तिथे पुन्हा मतदान झालं, सुमारे ७५ टक्के लोक पुन्हा 'हो' म्हणाले आणि कंपन्या कोर्टात गेल्या. आपल्याकडेही २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं आणि मोटारी दोन्ही त्या यादीत आहेत. मराठवाड्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला हा विषय अमेरिकेतला वाटत असेल तर फार दिवस वाटणार नाही.

ट्रकबरोबर त्या शेतकऱ्याने मला दुरुस्तीचं पुस्तकही दिलं. ऑइलच्या बोटांनी काळी झालेली पानं, समासात पेन्सिलीने तारखा. पाण्याचा पंप, १९८९. क्लच, १९९४. मागचे ब्रेक, तीनदा. एका जागी अक्षर वेगळं, कोवळं आहे. मुलाचं असावं, विचारायचं राहिलं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि या ट्रकांचे मागचे पाटे जिथे चासिसला लटकतात ते कान आधी गंजतात. मूळ रिव्हेट ग्राइंडरने उडवून तिथे जाड बोल्ट घालायचे असतात. डाव्या बाजूचं झालं, तारीख टाकली. उजव्या बाजूचे दोन रिव्हेट अजून हलायला तयार नाहीत.