समुद्रमार्गे गेलेले हाजी

मुंबईत क्रूझने उतरलेला पाहुणा एका दिवसात भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहून परततो. १८७२ साली खुल्या झालेल्या या वास्तूत जुन्या मुंबईची माणसे आणि त्यांचे व्यवसाय मातीच्या छोट्या प्रतिकृतींतून भेटतात.

याच बंदरातून आपले हाजीही निघत. हिंगोलीसारख्या, समुद्रापासून दूरच्या मुलखातली माणसे रेल्वेने मुंबई गाठत, मुसाफिरखान्यात थांबत आणि मुघल लाईनच्या जहाजाने जेद्दाहला जात. १९९५ साली हा जलप्रवास थांबला.

त्याचा इतिहास आता घरोघरच्या पेट्यांत आहे. पिलग्रिम पास, पत्रे, फोटो रद्दीत देऊ नका. वडीलधाऱ्यांना विचारून फोटोमागे नाव आणि साल लिहा. सांगणारे आहेत तोवरच विचारता येईल.