मोडीचा भाव आणि लिलावाची बोली

दुर्मीळ नाण्याला लिलावात मिळणारी किंमत त्यातील सोन्याचांदीवरून ठरत नाही आणि पुष्कळदा त्याच्या वयावरूनही ठरत नाही. त्याच छापाची बाकीची नाणी कुठे गेली यावरून ती ठरते, आणि पश्चिम भारतापुरते पाहिले तर त्यांपैकी बरीच सराफाच्या मुशीत किंवा सरकारी टाकसाळीच्या भट्टीत गेलेली आढळतात. पेशवाईत सरकारी परवान्याने खासगी माणसेही टाकसाळी चालवीत असत, त्यामुळे एकाच बाजारात चांदवडी, अंकुशी असे वेगवेगळे रुपये फिरत, आणि प्रत्येकाचा कस व झीज पाहून सराफ त्यावर बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतून करावयाची वजावट, आकारीत. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असलेला एकच रुपया आपल्या मुलखात लागू केला, तेव्हा जुन्या रुपयांना धातूपलीकडे किंमत उरली नाही आणि त्यांतले पुष्कळसे वितळून नव्या रुपयांत मिसळून गेले.

शिवकालीन नाण्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडल्या जाणाऱ्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर मजकूर एकच, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. परंतु पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा होन आज हाताच्या बोटांवर मोजावा इतका विरळा, तर शिवराई अजूनही जुन्या बाजारात सहज मिळते. शिवराई पुढे पेशवाई संपेपर्यंत पाडली जात राहिली, हे याचे एक कारण. दुसरे असे की सोने वितळवण्यात फायदा होता आणि तांबे वितळवण्याची तसदी कोणी सहसा घेत नसे. अनेक टाकसाळींतून निघालेल्या शिवराई नाण्यांवर ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी अक्षरांची नाना रूपे दिसतात, आणि ठसा खोदणाऱ्याच्या हातच्या या अशुद्धतेवरच आजच्या संग्राहकांनी आपले सारे वर्गीकरण उभारले आहे. होनाच्या वाट्याला मात्र बनावट प्रतीच अधिक आल्या, म्हणून अस्सल होन विक्रीस आला की बोलीआधी तो ठशाखाली पाडलेला आहे की साच्यात ओतलेला, याची तपासणी होते.

नाणी जमवण्याचा छंद मुंबईत विद्येच्या वाटेने आला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांच्याकडे कामास आलेले जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांनी शिलालेखांबरोबर नाण्यांचाही शोध घेतला. पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाबरोबर त्याच्या पित्याचेही नाव असते आणि पुढील काळात शकवर्षही घातलेले असते, त्यामुळे हातात पुरेशी नाणी असली की राजवंशाचा क्रम लावता येतो. भगवानलाल १८८८ मध्ये निवर्तले, त्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमला गेला, आणि क्षत्रपांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनी संपादून १८९० मध्ये प्रसिद्ध केला.

दरम्यान १८७८ मध्ये भूमिगत धनाचा कायदा झाला होता. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे त्याने बंधनकारक केले, न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली, आणि धन बेवारस ठरल्यास, आपसांत वेगळा करार नसेल तर, तीन हिस्से सापडवणाऱ्यास व एक हिस्सा जागेच्या मालकास ठरवून दिला. सरकारला ते धन स्वतःकडे घ्यावयाचे असेल तर मोबदला मात्र धातूची किंमत आणि तिच्या एकपंचमांश जादा, एवढाच. नाण्याच्या दुर्मीळतेला या हिशेबात जागाच नव्हती. जवळचा सराफ कसलीही चौकशी न करता धातूचा भाव देत असताना, केवळ पाचव्या हिश्शासाठी कचेरीचे खेटे घालण्याचा मोह शेतकऱ्याला का व्हावा, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

तरीही काही साठे अभ्यासकांपर्यंत पोचले, आणि त्यांतील सर्वांत मोलाचा म्हणजे १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे मिळालेला सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा. ही सर्व नाणी पश्चिम क्षत्रपांतील क्षहरात घराण्याचा राजा नहपान याची होती, परंतु त्यांतील ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता, म्हणजे पराभूत राजाचे चलन न वितळवता विजेत्याने ते आपल्या नावाने चालू ठेवले होते. रेव्हरंड स्कॉट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात हा साठा वर्णिला, त्यामुळे नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्राच्या विजयाच्या वर्णनाला धातूचा पुरावा मिळाला. यातील एकेक नाणे सुटे विकले गेले असते तर ‘नहपान, पुनर्मुद्रित’ एवढीच ओळख त्याला उरली असती. दोन प्रकारांचे प्रमाण साठा एकत्र राहिला म्हणूनच कळले, आणि एका सुंदर नाण्यापेक्षा हे प्रमाण इतिहासाला अधिक उपयोगी आहे.

विसाव्या शतकात वितळवण्याचे काम सरकारने स्वतःच मोठ्या प्रमाणावर केले. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या नव्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप मुसलमान प्रजेकडून आला, तेव्हा तो रुपया थांबवून बहुतेक नाणी परत मुशीत घालण्यात आली व पुढल्या वर्षी हत्ती नव्याने खोदला गेला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपयातील धातू रुपयाच्या दर्शनी किमतीला भिडला, नाणी दडवली जाऊ लागली, आणि अमेरिकेने १९१८च्या पिटमन कायद्याखाली २५ कोटींहून अधिक डॉलर वितळवून त्यांची चांदी ब्रिटनला दिली, ती भारतातील रुपये पाडण्यासाठी. याच टंचाईत ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली, तिच्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून चांदीच्या रुपयाचे चित्रच छापले होते. पाठोपाठ अडीच रुपयांची नोट आली, आणि १९२६ मध्ये ती बंद झाल्यामुळे आज नोटांच्या लिलावात तिच्यावर मोठी चुरस होते.

कागदी चलनाची दुर्मीळता याहून सोपी आहे, कारण नोट परत आली की ती रद्द करून नष्ट केली जाते. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाऊन हॉल आणि एल्फिन्स्टन व माल्कम यांचे पुतळे असत. त्यांतल्या अव्वल नोटा क्वचितच पाहावयास मिळतात. टपालातील चोरी टाळण्यासाठी नोट मधोमध कापून एक अर्धा भाग आधी व दुसरा पोच मिळाल्यावर पाठवण्याची रीत होती, म्हणून जुन्या नोटेवरील जोड हा दोष असला तरी तिच्या वापराची खूणही आहे. २०१७च्या कायद्याने रद्द झालेल्या पाचशे व हजारच्या नोटा दहापेक्षा अधिक बाळगण्यास मनाई केली, पण अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंतची सूट ठेवली. कायद्याने या छंदाला दिलेली ही दुर्मीळ मान्यता म्हणावी लागेल.

आजचा भारतीय लिलाव १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या चौकटीत चालतो. शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे मुंबई, अहमदाबाद किंवा बंगळूर येथील लिलावातील बोली देशातल्या देशातच राहते, तर परदेशी गेलेले संग्रह लंडन व जिनिव्हा येथे स्वतंत्रपणे विकले जातात. या लिलावांच्या सूचिपत्रांत प्रत्येक नाण्याचे छायाचित्र, वजन व टाकसाळ नोंदलेली असते आणि शिवराईचे नवे प्रकार ओळखताना त्यांचा उपयोग होतो. मात्र नाणे कोणत्या साठ्यातून, कोणत्या शेतातून निघाले हा रकाना त्यांत सहसा नसतो, कारण नोंद न झालेल्या साठ्याचे नाणे विकणाऱ्याला ते सांगणे परवडत नाही.