रिपोर्ट कुणी उघडला, डेटा कुणी डाउनलोड केला? पॉवर बीआयमधला ऑडिट लॉग कसा वाचायचा?

कंपनीच्या विक्रीचे आकडे बाहेर गेल्याची शंका आली की पहिला प्रश्न येतो, 'लॉगमध्ये काय दिसतंय?' मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयसारख्या प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट उघडणं, शेअर करणं, डेटा एक्स्पोर्ट करणं अशा कृतींची नोंद आपोआप होत असते. यालाच ऑडिट लॉग किंवा अ‍ॅक्टिव्हिटी लॉग म्हणतात. पण ही नोंद घाईत वाचली, तर भलत्याच माणसावर ठपका येऊ शकतो.

एका नोंदीत काय काय असतं?

प्रत्येक कृतीसाठी एक वेगळी नोंद तयार होते. त्यात मुख्यतः पुढील गोष्टी असतात:

- क्रिएशन टाइम: कृती कधी झाली
- यूझर आयडी: कोणत्या खात्यातून झाली
- ऑपरेशन: नेमकं काय केलं
- रिपोर्ट आणि वर्कस्पेसचं नाव: कशावर केलं
- क्लायंट आयपी: कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून केलं
- यूझर एजंट: कोणता ब्राउझर किंवा अ‍ॅप वापरलं

कोणत्या नोंदीचा अर्थ काय?

'व्ह्यू रिपोर्ट' म्हणजे रिपोर्ट उघडला. तो किती वेळ वाचला किंवा त्यातला कोणता आकडा पाहिला, हे त्यातून कळत नाही. 'एक्स्पोर्ट रिपोर्ट' म्हणजे रिपोर्टमधल्या एखाद्या तक्त्याचा किंवा आलेखाचा डेटा बाहेर काढला. 'डाउनलोड रिपोर्ट' म्हणजे रिपोर्टची फाइलच उतरवून घेतली. 'शेअर रिपोर्ट' म्हणजे तो दुसऱ्या कुणाला पाहायला दिला.

सगळ्यात जास्त लक्ष 'पब्लिश टू वेब' या नोंदीकडे द्यावं लागतं. असा रिपोर्ट लिंक असलेल्या कुणालाही लॉगिन न करता पाहता येतो. त्यामुळे अंतर्गत माहितीच्या बाबतीत ही नोंद दिसली, तर लगेच चौकशी करावी लागते.

पहाटे चार वाजता डेटा कुणी काढला?

सर्वाधिक गोंधळ वेळेवरून होतो. लॉगमधली वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे.

समजा, एका कर्मचाऱ्याच्या नावावर 04:10 वाजता एक्स्पोर्टची नोंद आहे. पहाटे चारला कोण काम करतं, असा संशय कुणालाही येईल. पण त्यात साडेपाच तास मिळवले की सकाळचे 9.40 होतात. म्हणजे तो माणूस ऑफिसला येऊन नेहमीचं काम करत होता.

तारखेचंही तसंच आहे. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे 5.30 पर्यंत जे घडतं, त्याची नोंद आदल्या दिवसाच्या तारखेखाली सापडते. एका भारतीय दिवसाचं पूर्ण चित्र हवं असेल, तर लॉगमधल्या दोन तारखा तपासाव्या लागतात.

खातं म्हणजे माणूस नव्हे

यूझर आयडीतून फक्त खातं कळतं. एकच खातं तिघं वापरत असतील, तर कृती कुणाची हे लॉग सांगू शकत नाही. आयपी पत्त्याचंही तसंच. एका ऑफिसमधले सगळे जण बाहेरून एकाच पत्त्यावर दिसू शकतात आणि व्हीपीएन वापरला तर पत्ता भलत्याच शहराचा दिसू शकतो.

लॉगची आणखी एक मर्यादा म्हणजे स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे 'एक्स्पोर्टची नोंद नाही' याचा अर्थ 'माहिती बाहेर गेली नाही' असा होत नाही.

लॉग किती दिवस राहतो?

पॉवर बीआयचा अ‍ॅक्टिव्हिटी लॉग मागच्या 28 दिवसांपर्यंतचाच मिळतो. मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यू या वेगळ्या सेवेतल्या ऑडिट लॉगमध्ये नोंदी साधारणपणे 180 दिवस राहतात. हे लॉग सगळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी अ‍ॅडमिन किंवा ऑडिटचे अधिकार लागतात.

भारतात या मुदतीला कायदेशीर महत्त्व आहे. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग 180 दिवस जपून ठेवायचे आहेत. फक्त 28 दिवसांच्या लॉगवर विसंबलं, तर दोन महिन्यांपूर्वीचा प्रकार उघडकीला येईपर्यंत पुरावाच उरत नाही. म्हणून अनेक ठिकाणी हा लॉग रोज उतरवून वेगळा साठवला जातो.

संशय आला तर काय करायचं?

1. आधी वेळ भारतीय वेळेत बदलून घ्या.
2. त्या खात्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी पाहा. दर सोमवारी होणारं एक्स्पोर्ट आणि पहिल्यांदाच झालेलं एक्स्पोर्ट यांत फरक असतो.
3. खातं नेमकं कोण वापरतं, याची खात्री करा.
4. काही नोंदी उशिरा येतात. त्यामुळे ताज्या घटनेबद्दल किमान 24 तास थांबून पुन्हा तपासा.
5. शेवटी त्या व्यक्तीला विचारा. काय घडलं हे लॉग सांगतो, का घडलं हे तीच सांगू शकते.