सॉफ्टबॉल : पिचरच्या पायांचे नियम आणि तंत्र

सॉफ्टबॉलमधील वेगवान चेंडूफेक पाहताना प्रेक्षकाची नजर पिचरच्या चक्राकार फिरणाऱ्या हातावर खिळते. पंचांची नजर मात्र प्रथम तिच्या पायांवर असते. चेंडू वैध की अवैध, याचा निर्णय पुष्कळदा पाऊल कोठे होते, ते कधी सुटले आणि पुन्हा कोठे टेकले यावरच अवलंबून असतो. शालेय संघांत हात घडविण्यावर जेवढा वेळ दिला जातो, तेवढा पायांवर दिला जात नाही. परिणामी गुणी मुलींचे चेंडूही ऐन सामन्यात अवैध ठरतात.

प्लेट आणि अंतर

पिचरने उभे राहावयाची पट्टी, म्हणजे पिचर्स प्लेट, २४ इंच (६१ सेंमी) लांब व ६ इंच (१५ सेंमी) रुंद असते. तिच्याभोवती ८ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत होम प्लेटपासून तिचे अंतर महिलांसाठी ४३ फूट (१३.११ मी.), तर पुरुषांसाठी ४६ फूट (१४.०२ मी.) असते. उजव्या हाताने फेकणाऱ्या पिचरचा उजवा पाय हा आधारपाय आणि डावा पाय हा पुढे टाकावयाचा पाय. डावखुऱ्या पिचरच्या बाबतीत याच्या उलट.

नियमांचा गाभा

चेंडूफेक सुरू होताना आधारपाय प्लेटला लागलेला असलाच पाहिजे. दुसऱ्या पायाबाबत नियमावलींत भेद आहेत. काही ठिकाणी दोन्ही पाय प्लेटला लागलेले असणे सक्तीचे असते, तर काही ठिकाणी तो प्लेटच्या मागे ठेवण्याची मुभा असते. म्हणून स्पर्धेपूर्वी तेथे लागू असलेली नियमावली पाहून घेणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम.

चेंडू फेकताना पुढे एकच पाऊल टाकता येते. हे पाऊल फलंदाजाच्या दिशेने व प्लेटच्या २४ इंच लांबीच्या मर्यादेतच पडले पाहिजे. प्लेटच्या दोन्ही टोकांपासून होम प्लेटकडे दोन समांतर रेषा कल्पिल्या की ही मर्यादा ध्यानात येते. चेंडू न फेकता जागा सोडावयाची असल्यास दोन्ही हात विलग करण्यापूर्वी प्लेटच्या मागच्या बाजूस उतरावे लागते.

घसट, झेप आणि 'क्रो हॉप'

पुढचे पाऊल पडत असताना आधारपाय प्लेटवरून सुटतो आणि त्याचा अंगठा जमिनीवरून घसटत पुढे येतो. ही घसट सर्वत्र वैध आहे. दोन्ही पाय क्षणभर हवेत जाणे म्हणजे झेप. अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉलमध्ये ती पूर्वी अवैध होती. २०२४ च्या हंगामापासून तिला परवानगी मिळाली.

'क्रो हॉप', म्हणजे शब्दशः कावळ्याची उडी, ही मात्र निषिद्धच आहे. तीत पिचर प्लेटवरून पुढे उडी घेते, आधारपाय नव्या जागी रोवते आणि तेथून दुसऱ्यांदा रेटा घेऊन चेंडू फेकते. यातील अन्याय साध्या गणिताने कळतो. ताशी १०० किमी वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. अर्धा मीटर पुढून फेकल्यास फलंदाजाचा सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग हिरावला जातो. मुळात तिच्या हाती अर्धा सेकंदही नसतो.

अवैध चेंडूबद्दल सामान्यतः फलंदाजाच्या खाती एक 'बॉल' जमा होतो. तिन्ही बेस भरलेले आणि आधीच तीन 'बॉल' झालेले असतील, तर पावलाच्या या चुकीपायी थेट एक धाव जाते.

तंत्र

आधारपायाचा पुढचा भाग प्लेटच्या पुढील कडेवर असावा, म्हणजे रेटा देण्यास पक्का आधार मिळतो. रेटा देताना हे पाऊल किंचित बाहेरच्या बाजूस वळते. पुढचे पाऊल होम प्लेटकडे सरळ न रोखता तिरपे टेकावे. त्यामुळे कंबर मोकळेपणाने फिरते. तो गुडघा किंचित वाकलेला पण घट्ट राहिला पाहिजे. पुढे निघालेले शरीर या पायावर अडते आणि तो वेग हातातून चेंडूत उतरतो. पाय ढिला पडला, तर खांद्यावर ताण येतो.

घसटणाऱ्या पायाची टाच वर असावी आणि भार पुढच्या पायाकडे गेलेला असावा. भार मागेच राहिला, तर तो पाय पुन्हा जमिनीत रुततो आणि तेथूनच 'क्रो हॉप'ची सवय जडते. प्लेटपुढे पडलेला खड्डाही याला कारणीभूत होतो, म्हणून दर डावानंतर तो बुजवावा. जांभ्याच्या टणक मैदानावर बुटाचे टोक लवकर झिजते. तेथे चामड्याचा जादा तुकडा लावणे हिताचे.

सरावासाठी जमिनीवर २४ इंच अंतरावर दोन समांतर दोऱ्या ताणाव्यात आणि आरंभी चेंडूविनाच पाऊल टाकून पाहावे. घसटीची रेघ अखंड उमटली, तर तंत्र योग्य. रेघ तुटून पुढे पावलाचा खोल ठसा दिसला, तर आधारपाय पुन्हा रोवला जात आहे, असे समजावे.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू फेकले आणि अमेरिकेला ३-१ असे नमवून सुवर्णपदक मिळविले. एवढा भार एकट्या हाताला पेलवत नाही; त्यातील मोठा वाटा पाय उचलतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा खेळला जाणार आहे. हे सामने पाहताना आपल्या मुलींनी हातांइतकेच पायांकडेही लक्ष द्यावे.