ज्यू बालवाडी आणि शनिवार तेली

आमच्या घरात सध्या एका प्रश्नावर बरीच चर्चा चालू आहे. न्यू जर्सीतल्या भाचीला तिच्या तीन वर्षांच्या मुलाला ज्यू बालवाडीत घालायचं आहे. घराजवळ आहे, शिक्षिका चांगल्या आहेत, वेळा सोयीच्या आहेत. इकडे होटगीत पोराच्या पणजीचं म्हणणं एकच, "आपल्या लेकराला दुसऱ्यांच्या धर्माच्या शाळेत कशाला? आपलं विसरंल की ते!"

आज्जींना हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण प्रश्न खरा आहे. आणि गंमत अशी, की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर अमेरिकेत नाही, ते आपल्या कोकणात आणि माझगावात सापडतं. म्हणून हा लेखप्रपंच. (चू. भू. द्या. घ्या.)

कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल. रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. बोलायचं मराठी, बायकांचं नेसणं नऊवारी, आडनावं गावावरून : किहीमकर, दिवेकर, पेणकर. हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते, पण शनिवार पाळायचा, मुलाची सुंता करायची, खवल्याचा मासा खायचा आणि 'शेमा' म्हणायचा, एवढं त्यांनी सोडलं नाही. एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करायचा, तोही पोहे, गूळ, खोबऱ्याचा. आता बोला, किती आपला आणि किती परका?

या समाजाला आज्जींचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी पडला होता. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. 1829 मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. या शाळांत बेने इस्राएल मुलं मोठ्या संख्येने जात, कित्येक ठिकाणी मास्तरही बेने इस्राएलच असत. विल्सनसाहेबांनी 1832 मध्ये चक्क मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आपल्याच धर्माची भाषा दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून, तिसऱ्याच भाषेतून शिकायची! मिशनऱ्यांचा हेतू काही लपलेला नव्हता. पण धर्मांतर करणारे बेने इस्राएल अगदी मोजके निघाले. उलट शिकलेली मुलं घरी येऊन आपलेच ग्रंथ वाचायला लागली.

हे असं का झालं असेल? मला वाटतं, घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागत होता म्हणून. मुलाला शाळेत काय ऐकायला मिळतं त्यापेक्षा घरी काय चालतं, ते जास्त पक्कं होतं.

तरीही आपली शाळा हवी असं या समाजाला वाटलंच. 1875 साली हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने मदत केली. तिथे मराठी होतं, इंग्रजी होतं आणि हिब्रूही होतं. पुढे सर एली कदूरी या मूळच्या बगदादी ज्यू उद्योगपतीने मोठी देणगी दिली आणि माझगावच्या या शाळेला त्यांचं नाव मिळालं. रिबेका रुबेन या बाईंनी ती अनेक वर्षं मुख्याध्यापिका म्हणून सांभाळली. या रिबेकाबाई स्वतः कुठे शिकल्या? पुण्याच्या हुजूरपागेत! म्हणजे हिंदू सुधारकांनी काढलेल्या शाळेत शिकलेली मुलगी पुढे ज्यू शाळेची मुख्याध्यापिका झाली. हुजूरपागेत शिकून त्यांचं ज्यूपण तसूभर कमी झालं नाही.

आता पुढचा भाग ऐका. 1948 नंतर बेने इस्राएल हळूहळू इस्राएलला गेले. भारतात वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आज पाच हजारांच्याही आत आला आहे. शाळेत ज्यू मुलं उरली नाहीत. पण शाळा बंद पडली नाही! आसपासच्या वस्तीतली मुसलमान मुलं तिथे यायला लागली आणि वर्गात तीच बहुसंख्य झाली. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या ससून कुटुंबाच्या शाळांचंही तेच. नावावर ज्यू, पटावर मुसलमान. तिथल्या आईबापांनी काय पाहिलं असेल? शाळा जवळ आहे, शिकवतात बरं, आणि आपल्या मुलाला कोणी आपलं सोडायला सांगत नाही. माझी भाची नेमकं हेच म्हणते आहे.

आता भाचीसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी थोडं व्यवहाराचं. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेला विचारा : ज्यू नसलेली मुलं घेता का? समाजकेंद्रांच्या बालवाड्या बहुधा घेतात, काही धार्मिक शाळा फक्त ज्यू मुलं घेतात. सुट्ट्यांचं पत्रक आधी मागून घ्या, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे सण ओळीने येतात आणि दोघंही नोकरी करणाऱ्यांची धांदल उडते. शुक्रवारी शाळा लवकर सुटते का, तेही विचारा. डब्याचे नियम नीट समजून घ्या. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून बऱ्याच शाळा घरचा डबा शाकाहारीच आणायला सांगतात, म्हणजे आपल्या पोळीभाजीची सोयच झाली! पण पेसाखच्या आठवड्यात पोळीसुद्धा चालत नाही, काही ठिकाणी भात आणि डाळही नाही. शुक्रवारी मुलं मेणबत्ती, द्राक्षाचा रस आणि खाला नावाचा वेणीसारखा पाव घेऊन आशीर्वाद म्हणतात. तुमचं मूलही म्हणेल, घरी येऊन म्हणून दाखवेल. ते आवडणार नसेल तर आधीच विचार करा, नंतर शाळेवर रागावू नका. आणि दारावर पहारा असेल, त्याने दचकू नका. 2008 साली मुंबईत नरिमन हाऊसमध्ये काय झालं ते आपण पाहिलेलं आहे.

राहिला आज्जींचा प्रश्न, 'आपलं विसरंल'. इथे मला बेने इस्राएलांच्या गोष्टीतलं शेवटचं पान महत्त्वाचं वाटतं. दोन हजार वर्षांची परंपरा सांगणारा हा समाज मराठी मुलखात राहून धर्म विसरला नाही. मिशनच्या शाळेत जाऊन विसरला नाही, हुजूरपागेत जाऊनही नाही. पण इस्राएलला, स्वतःच्या धर्माच्या देशात गेल्यावर काय गेलं? मराठी! पहिल्या पिढीने तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, भजनी मंडळं चालवली. नातवंडं मात्र हिब्रूच बोलतात.

म्हणजे आज्जींची भीती खरी आहे, फक्त ती ज्या दारावर पहारा देते आहे, चोर त्या दाराने येत नाही. मुलगा शुक्रवारचा आशीर्वाद शिकला म्हणून रामरक्षा विसरणार नाही. रामरक्षा घरी कोणी म्हणतच नसेल तर विसरायला ती आहेच कुठे? आणि शाळा ज्यू असो, ख्रिस्ती असो की कुठल्याच धर्माची नसो, ती इंग्रजीच असणार आहे. पणजीशी फोनवर बोलायला त्याला शब्द उरतील का, हा खरा प्रश्न. आमच्या होटगीत कन्नड बोलणाऱ्या घरातली पोरं मराठी शाळेत शिकली आणि घरी कन्नडच बोलत राहिली, कारण घरात आई कन्नडमधूनच रागावायची. याहून मोठी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा बालवाडी खुशाल निवडा. मात्र शनिवार तेल्यांचा घाणा आठवड्यातून एक दिवस कोणाच्याही सांगण्याशिवाय थांबत होता, तसा आपल्या घरात एखादा नेम आहे का, ते आधी बघा. नसेल तर आजपासून धरा. रात्रीची गोष्ट मराठीत सांगायची, एवढा नेमही पुष्कळ झाला.