मासा तोच, मत बदलले

१८७७ साली जर्मनीतून आणलेले ३४५ कार्प मासे अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या एका बागेच्या तळ्यांत सोडले गेले. आपले मत्स्यशेतकरी ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात, तोच हा मासा. अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांचा हिशेब सरळ होता. नद्यांतले मासे घटत होते. कार्प भराभर वाढतो, मिळेल ते खातो, साचलेल्या पाण्यातही तगतो. राज्याराज्यांतून मागणी आली आणि पिल्ले वाटली गेली.

पुढे हेच गुण दोष ठरले. तळ उकरून खाण्याच्या सवयीमुळे पाणी गढूळ झाले, पाणवनस्पती उपटल्या गेल्या. विसाव्या शतकात त्याला जाळ्यांनी आणि विषाने हटवण्याचे प्रयत्न झाले.

१९९०च्या दशकात काही हौशी गळकरी त्याच्याकडे वळले. त्यांच्या गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. तो इतका हलका, की दोरीच्या वजनानेच लांब जातो. उथळ पाण्यात चरणारा कार्प डोळ्यांना दिसतो; पण त्याचा वायुकोश आणि अंतर्कर्ण यांना हाडांची बारीक साखळी जोडते, त्यामुळे पाण्यात पडलेले पाऊल त्याला चटकन ऐकू येते. तो सहज सापडत नाही, म्हणूनच त्याला मान मिळाला. तळ्यांचे नुकसान मात्र थांबले नाही.

वर्गात आपण प्राण्यांच्या 'उपयुक्त' आणि 'उपद्रवी' अशा याद्या करतो. तेव्हा मुलांना एवढे विचारायला लावू या: कोणासाठी, कुठे आणि केव्हा?