दुर्बिणीतून किडनी कशी काढतात? जिवंत दात्याचं ऑपरेशन समजून घ्या

‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हटलं की आपल्याला ॲपेंडिक्स नाहीतर पित्ताशयाचे खडे आठवतात. पण धडधाकट माणसाच्या पोटातून अख्खी, चालू किडनी दुर्बिणीने काढून लगेच दुसऱ्याला बसवतात, हे वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला: एवढ्याशा भोकांतून मुठीएवढी किडनी बाहेर येते कशी?

तर ती त्या भोकांतून येतच नाही. ओटीपोटावर, साधारण सिझेरियनचा असतो तिथेच, ६ ते ८ सेंटिमीटरचा वेगळा छेद घेतात आणि पिशवीत धरून किंवा हाताने किडनी तिथून काढतात. भोकं असतात ती कॅमेरा आणि अवजारांसाठी.

जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली ती २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेत बोस्टनला. दाता आणि रुग्ण जुळे भाऊ होते. त्यानंतर चाळीस वर्षं दात्याची कूस उघडूनच किडनी काढत. छेद १५-२० सेंटिमीटरचा, स्नायू कापलेले, कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. आजारी भावाच्या अंगावर जखम छोटी आणि निरोगी दात्याच्या अंगावर मोठी, असा उलटा प्रकार! १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉइड रॅटनर आणि लुई कावूसी यांनी दात्याची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीतून काढली.

आत नेमकं काय चालतं?

आधी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही (आत विजेवर चालणारी अवजारं असतात) आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. थोडा मागे राहिला तर खांदा दुखतो. माझ्या मावशीने मामाला किडनी दिली तेव्हा तिची तक्रार टाक्यांपेक्षा खांद्याचीच जास्त होती.

बहुतेक वेळा डावी किडनी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि रुग्णाला जोडायला सोपी पडते. पण दोन्ही किडन्यांत फरक असेल तर नियम पक्का: चांगली दात्याकडेच राहते. त्यासाठी आधी सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्यांचा नकाशा बघतात.

खरी परीक्षा शेवटी असते. धमनी कापली की किडनीचं रक्त थांबतं, पण ती अजून शरीराइतकीच गरम असते. त्यामुळे काही मिनिटांतच ती बाहेर काढून बर्फात ठेवायची आणि थंड द्रावणाने आतून धुवायची असते.

धमनी बंद करायची कशी, हाही जिवाचा प्रश्न. रुग्णासाठी लांब तुकडा हवा, म्हणून दात्याकडे धमनीचं टोक आखूड उरतं. त्यावर लावलेली प्लॅस्टिकची लॉक होणारी क्लिप निसटून काही दाते दगावले. २००६ मध्ये उत्पादकानेच या ऑपरेशनमध्ये धमनीला ती वापरू नका असं सांगितलं. आता सहसा स्टेपलर वापरतात. तुमच्या घरात कुणी दाता होणार असेल, तर ‘धमनी कशाने बंद करणार?’ हे सर्जनला बिनधास्त विचारा. मला तरी हा प्रश्न छेदाच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

धोका किती? अमेरिकेतल्या ८० हजारांहून जास्त दात्यांच्या अभ्यासात, ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत दर १० हजारांमागे साधारण तिघांचा मृत्यू झाला. कमी आहे, पण शून्य नाही.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानुसार दाता १८ वर्षांपुढचा लागतो. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. बाकीच्यांना प्राधिकार समितीची परवानगी लागते, आणि किडनीसाठी पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे.

दाता सहसा दोन-चार दिवसांत घरी जातो. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि दोघींच्या मिळून कामाच्या जवळपास ७० टक्के काम एकटी उचलते. त्यानंतर दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून परस्पर घ्यायची नाही.